नळदुर्गचा पाणीमहाल: धरणाच्या पोटातलं दालन आणि त्याचा कर्ता

चांगला पाऊस झाला आणि वरचा बोरी प्रकल्प भरून सांडू लागला, की तुळजापूर, उमरगा, सोलापूर या सगळ्या बाजूंना एकच चौकशी सुरू होते: नर-मादी चालू झाले का? नळदुर्गच्या किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यावरून कोसळणारे हे दोन धबधबे. त्यांना जोडूनच, बंधाऱ्याच्या भिंतीच्या आत, पाणीमहाल आहे. धबधब्याचे फोटो घरोघरी जातात. महाल ज्यानं योजला त्याचं नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. ते नाव आहे मीर मुहम्मद इमादीन.

त्या काळच्या इमारती आपण बांधवून घेणाऱ्याच्या नावानं ओळखतो. नकाशा कुणाचा, हे बहुतेक ठिकाणी हरवलेलं असतं. मराठवाड्यात याला थोडे अपवाद आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं कोरलेली सापडतात. नळदुर्गचा महाल त्याच्याही आधीचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. हिजरी सन १०२२, म्हणजे १६१३.

किल्ला याहून पुष्कळ जुना. लोक त्याचं नाव नल-दमयंतीच्या नळराजाशी जोडतात, आणि चालुक्यांच्या काळापासून इथं ठाणं होतं असं मानलं जातं. पुढं तो बहामनींकडे आणि त्यांचं राज्य फुटल्यावर विजापूरकरांकडे आला. विजापूरच्या दृष्टीनं ही सरहद्दच होती: एका अंगाला अहमदनगरची निजामशाही, दुसऱ्या अंगाला बिदर आणि गोवळकोंडा. पहिल्या अली आदिलशहानं १५५८ मध्ये जुन्या मातीच्या तटाच्या जागी दगडी तटबंदी उभारली.

जागा मात्र सोपी नव्हती. किल्ला पठाराच्या टोकावर आणि बोरी नदी खाली वळसा घालून जाते. पावसाळ्यात ती उफाळते, पण उन्हाळ्यात आपल्याकडच्या नद्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. आत शिबंदी ठेवायची तर वर्षभर पुरेल असं पाणी हवं. म्हणून पात्रात आडवा दगडी बंधारा पडला. त्यानं तीन कामं केली: पाणी साठवलं, तटाखाली पाण्याचा अडसर उभा केला आणि मुख्य किल्ला समोरच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याला जोडला. बंधाऱ्यामागं निकड होती. महाल ही त्यावरची हौस आहे, आणि मला त्याचं सगळ्यात मोल वाटतं ते याच कारणानं.

बंधाऱ्यात पोकळी ठेवायची म्हणजे भिंत कमजोर करायची. मागं साठलेलं पाणी भिंतीला सतत रेटत असतं आणि खोलीबरोबर हा रेटा वाढत जातो. महाल तळाशी न ठेवता भिंतीच्या मधल्या उंचीवर ठेवला आहे. वरून जिन्यानं उतरून तिथं पोचायचं. दालनाचं तोंड साठ्याच्या उलट बाजूला, नदी जिकडं खाली पडते तिकडं. साठा आणि दालन यांच्यामध्ये जाड भिंत तशीच राहते. जादा पाण्याला नर आणि मादी या दोन वाटा ठरवून दिलेल्या आहेत, त्यामुळं पूर महालावरून न जाता बाजूनं जातो. माणूस कमानीत उभा राहतो, शेजारी नदी कोसळत असते, आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, आणि दालन कोरडं असतं. आजच्या मोठ्या धरणांतही भिंतीच्या आत तपासणीसाठी बोगदे ठेवतात. इमादीननं तशी पोकळी बसून पाणी बघण्यासाठी ठेवली, तीही काळा दगड आणि चुना एवढ्या सामानावर. इथल्या फारसी लेखाचा आशय असा सांगतात, की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल. बांधणाऱ्यांना आपण काय केलंय याची पुरती जाणीव होती.

इब्राहिम स्वतः संगीतवेडा राजा. नवरसांवर त्यानं दख्खनी भाषेत गीतं रचली. अशा दरबारात पाण्याच्या आवाजासाठी दालन मागितलं गेलं, तर नवल नाही. साधारण त्याच काळात मलिक अंबर १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणण्याच्या कामाला लागला होता. मराठवाड्यात पाण्याची अशी दोन कामं जवळपास एका वेळी चालली होती, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

१६८६ मध्ये विजापूर पडलं. मुघलांनंतर किल्ला निजामाकडं गेला. १८५३ च्या करारानं नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या कारभारात आला आणि मेडोज टेलर इथं अधिकारी म्हणून राहिला. त्यानं आपल्या आठवणींत या बंधाऱ्याबद्दल लिहून ठेवलं आहे. १८६० मध्ये जिल्हा पुन्हा निजामाला मिळाला. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण इथून हललं, उस्मानाबादला गेलं, आणि नळदुर्ग मागं पडलं. एक पहाट मात्र मराठवाडा विसरणार नाही: १३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थानात शिरताच पहिल्यांदा घेतलं ते नळदुर्ग, बोरीवरच्या पुलासकट.

आज किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं. उपळी बुरूज आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूज पाहायला वेळ ठेवावा. पाण्याच्या दिवसांत महालाशी गर्दी असते, जिना ओला आणि निसरडा असतो. पौष पौर्णिमेला खंडोबाच्या यात्रेसाठी नळदुर्गला येणाऱ्यांनी किल्ल्याकडं पाय वळवावेत. तेव्हा धबधबे बहुधा बंद असतात, आणि नर-मादीच्या दोन वाटा, मधली भिंत, तिच्यातल्या कमानी हे सगळं उघडं, स्वच्छ दिसतं.