एका अंड्याची वाटणी

उन्हाळ्यात तासगावजवळ मामाच्या द्राक्षबागेत गेलो होतो. एका पिवळ्या पडलेल्या वेलीच्या बुडाशी मामानं खुरपं घातलं, बारीक मुळं उपसली आणि माझ्या हातावर ठेवली. मुळांवर मण्यांसारख्या गाठी. "सूत्रकृमी," मामा म्हणाला. पुढं जे म्हणाला ते छापण्याजोगं नाही. हळद असो, डाळिंब असो, सांगलीकडं या किड्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. मी मात्र त्याच्या एका भाऊबंदाचा चाहता आहे.

त्याचं नाव सी. एलिगन्स. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. कुजक्या फळांतले जीवाणू खाऊन राहतो, पिकाच्या वाटेला जात नाही. अंग आणि अंडं दोन्ही पारदर्शक, त्यामुळं जिवंत अंड्यात पेशी दुभंगताना सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसते. हेळवी बैलावर बसून येतात आणि आपल्या घराण्याच्या पिढ्या घडाघडा सांगतात. जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या भ्रूणातल्या एकेका पेशीची तशीच वंशावळ पुरी केली.

वंशावळीचा मूळपुरुष म्हणजे सुमारे ५० मायक्रॉन लांबीचं अंडं. त्याची पहिलीच वाटणी असमान होते. डोक्याकडची पेशी मोठी, शेपटीकडची लहान. मोठी पुन्हा लवकर दुभंगते, धाकटी दोनेक मिनिटं मागं राहते. पण पुढच्या पिढीचं बीज फक्त धाकटीच्या वंशात उतरतं.

डोकं कुठं, शेपूट कुठं, हे अंड्यात आधी ठरलेलं नसतं. शुक्राणू ज्या टोकाजवळ शिरतो ते शेपटीचं होतं. पेशीच्या पापुद्र्याखाली ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची ताणलेली जाळी असते. शुक्राणूसोबत आलेल्या सेंट्रोसोमजवळ (पेशीतले तंतू जुळवणाऱ्या केंद्राजवळ) ती सैल पडते आणि दुधावरची साय एका कडेला ओढावी तशी समोरच्या टोकाकडं सरकते. सरकताना पार-३, पार-६ आणि पीकेसी-३ या प्रथिनांना सोबत नेते. रिकाम्या झालेल्या जागेवर पार-१ आणि पार-२ बस्तान मांडतात.

यापुढं जे चालतं ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. दोन्ही गट एकमेकांचा बांध कोरतात! पीकेसी-३ पलीकडच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, की त्यांची पापुद्र्यावरची पकड सुटते. पार-१ तीच खोडी पार-३ ची काढतं. दोघांचा जोर सारखा, म्हणून बांध अंड्याच्या साधारण मध्यावर टिकतो. पार-३ चा जनुक बिघडला, तर पार-२ सगळ्या कडेनं पसरतं. पार-२ चा बिघडला, तर पार-३ शेपटीपर्यंत नांगर घालतं.

बांध ठरला की ओढाताण. गुणसूत्रं वाटणाऱ्या तर्कूला दोन्ही टोकांकडून ओढ असते; शेपटीकडची जास्त. तर्कू मागं सरकतो आणि पेशी मध्यावर न दुभंगता थोडी मागं दुभंगते. पार जनुक बिघडलेल्या अंड्यात बहुधा दोन सारख्या पेशी होतात, एकदमच पुढं दुभंगतात आणि भ्रूण मरतो. 'पार' या इंग्रजी नावाचा अर्थही तोच, वाटणीत बिघाड.

हे जनुक केन केम्फ्यूज आणि सहकाऱ्यांनी शोधले, १९८८ मध्ये. युक्ती जरा क्रूर होती, पण मला फार आवडते. त्यांनी अंडी बाहेर घालूच न शकणाऱ्या माद्या घेतल्या. (खरं तर उभयलिंगी, पण आई म्हणू.) अशा आईच्या पोटातच पिल्लं फुटतात आणि तिला आतून खाऊन टाकतात. पहिल्या वाटणीचं सामान मात्र आईच्या जनुकांनी अंड्यात भरून ठेवलेलं असतं. आईचेच ते जनुक बिघडलेले असले, तर अंडी पोटात मरतात आणि आई वाचते. म्हणजे बशीत ज्या आया जिवंत दिसतील, त्या उचलायच्या.

पुढं यातली बहुतेक प्रथिनं फळमाशीत सापडली, माणसातही. याच पार मालिकेतलं एक पार-४; आपल्यातल्या पार-४ ला एलकेबी-१ म्हणतात. त्याचा जनुक जन्मतः बिघडलेला असला, तर आतड्यात गाठी येतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो.