वकील कधी गाठायचा? सोलापूरच्या अंगानं थोडी पार्श्वभूमी

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की सोलापुरात पहिला फोन वकिलाला जात नाही. तो जातो नगरसेवकाला, नाहीतर ओळखीच्या एखाद्या हवालदाराला, आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं "आत्ताच वकील कशाला, बघू की". वकील आठवतो अटक झाल्यावर, काहींना तर दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. ही सवय आकाशातून पडलेली नाही, कारण लई वर्षं कायद्यानंच वकिलाची जागा कोर्टाच्या आत ठेवली होती, ठाण्यात नाही.

आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिता, 1860 ची, लागू झाली 1862 ला. पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग 1872 च्या पुरावा कायद्यात आलं, म्हणजे ठाण्यात कबुली कशी निघते हे इंग्रजांनाही चांगलं ठाऊक होतं. पण वकिलाचा हक्क? तो 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 340 मध्ये होता आणि तोही फौजदारी कोर्टात बचाव करण्यापुरता. कोर्टाच्या आधीचे दिवस आरोपीनं एकट्यानं काढायचे.

आणि आपल्या गावात तर असेही लोक होते ज्यांना आरोपी व्हायला गुन्हा लागतच नव्हता. सेटलमेंट हे नाव आपण पत्ता म्हणून सहज घेतो, पण ती तारेच्या कुंपणातली वस्ती होती, गुन्हेगार जमाती कायद्याखाली. तो कायदा पहिल्यांदा आला 1871 ला आणि 1911 च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल वाढला. जन्मानंच गुन्हेगार ठरलेल्या माणसांनी हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, आणि एखादी जमात गुन्हेगार जाहीर केली ते बरोबर की चूक हे विचारायची सोय कोर्टातही नव्हती! देशभर हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. कायदा गेला तरी संशय गेला नाही, चोरी झाली की आधी कुणाच्या दारात जीप उभी राहते हे सोलापूरकराला सांगायला नको.

मग 1930. गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, गोळीबार झाला आणि 12 मे ला मार्शल लॉ लागला. झेंडा लावला म्हणूनसुद्धा शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांना हार घालताना आपण त्यांचं शौर्य आठवतो, ते बरोबरच आहे, पण सरकारनं ठरवलं की साध्या माणसावर किती वेगानं आरोप चढतो हेही त्यात दिसतं.

स्वातंत्र्यानंतर मात्र वकिलाचा क्षण हळूहळू कोर्टातून मागं, ठाण्याकडं सरकत आला, आणि खरी गोष्ट हीच आहे. 1950 ला घटनेच्या कलम 22 नं सांगितलं की अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या. 1973 च्या संहितेत अटकपूर्व जामीन आला, तो विधी आयोगाच्या 1969 च्या अहवालावरून, कारण वजनदार माणसं विरोधकांना खोट्या केसमध्ये अडकवतात असं आयोगाचं म्हणणं होतं (ग्रामपंचायत निवडणूक बघितलेल्या कुणालाही हे पटेल). 1978 ला नंदिनी सत्पथी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं वकिलाला चौकशीच्या टप्प्यापर्यंत आणलं, आणि 1981 ला खत्री प्रकरणात म्हटलं की गरीब आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्यापासूनच सरकारी खर्चानं वकील मिळाला पाहिजे.

1 जुलै 2024 पासून नवीन संहिता आल्या, आकडे बदलले, सांगाडा बराचसा तोच. आता रोजचं उदाहरण घ्या. बांधावरून दोघांची हाणामारी झाली, साधं मुक्कामार असेल तर बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र, पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. पण समोरच्याच्या डॉक्टरच्या दाखल्यात हाड मोडल्याचं आलं, हत्यार कोयता लिहिलं गेलं, की प्रकरण दखलपात्र आणि अजामीनपात्र होतं आणि इकडचे लोक अजून "मिटतंय की" म्हणत चहा पीत बसलेले असतात. वकील लागतो तो ह्या मधल्या दिवसांत, कारण अटकपूर्व जामीन नावाप्रमाणं अटकेच्या आधीच मागावा लागतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बहुतेक वेळा अटकेऐवजी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे हजर राहायची, नोटीस देतात. ती खिशात घालून बसायचं नसतं, तारखेला हजर राहायचं, नाही राहिलं तर तेच अटकेचं कारण होतं. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही, म्हणून जाण्याआधी बोलून घेतलेलं बरं.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टातच आहे. महिला, एससी-एसटी आणि कोठडीतला कुठलाही माणूस, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि हे ठाण्यात कुणी आपणहून सांगेल अशी वाट बघू नये. उशिराचा तोटा पुढंही आहे, सेशन्स कोर्टात चालणारी केस असेल तर दोषमुक्तीचा (म्हणजे खटला चालायच्या आधीच आरोपातून मोकळं करा असा) अर्ज केस सेशन्सकडं वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत करायचा असं नव्या संहितेत आहे. एक गोष्ट तेवढी सोपी झाली, हायकोर्टात जायची वेळ आलीच तर 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो, मुंबईची गाडी पकडायला नको.