चिमणी, मोहोळ आणि टॉवर : एका अर्धवट प्रश्नाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसणार म्हटलं की सभेत दोन शब्द हमखास ऐकू येतात : कॅन्सर आणि चिमण्या. पहिल्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. टॉवरमुळे चिमण्या नाहीशा होतात, या दुसऱ्या तक्रारीमागचा प्रश्न मोठा आहे. विजेच्या तारा, टॉवर यांच्याभोवती तयार होणाऱ्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे पक्षी, कीटक, झाडं आणि माती यांच्या एकमेकांत गुंतलेल्या व्यवहाराला धक्का लागतो का? हा प्रश्न नाशिकला परका नाही. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो, आणि त्यामागची चळवळ याच शहरात उभी राहिली.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. 'किरणोत्सर्ग' हा शब्द मराठीत रूढ झाला तो रेडियम, युरेनियमसारख्या मूलद्रव्यांसाठी. अणूचं केंद्रक आपोआप फुटतं आणि त्यातून कण व किरण बाहेर पडतात, तो किरणोत्सर्ग. टॉवरच्या अँटेनातून निघतात त्या रेडिओलहरी. त्यांना परिभाषेत 'प्रारण' म्हणतात, पण तो शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडलाच नाही. बोलण्यात 'रेडिएशन' राहिलं, बातमीत त्याचा 'किरणोत्सर्ग' झाला आणि टॉवर थेट अणुभट्टीच्या रांगेत जाऊन बसला. रेडिओलहरींत अणूपासून इलेक्ट्रॉन तोडण्याइतकी ऊर्जा नसते. पुरेशा तीव्र असतील तर त्या ऊती तापवतात, याबद्दल दुमत नाही. तापवण्यापलीकडे, अगदी कमी तीव्रतेला त्या सजीवांत काही घडवतात का, हा खरा वाद. त्यात आणखी एक घोळ : उच्चदाबाच्या तारांखालचं ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांचं क्षेत्र आणि टॉवरच्या ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्झच्या (एक मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख हर्ट्झ) लहरी आपण एकाच नावाखाली ढकलतो. एकाविषयीचा निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवला जातो, तो असा. चुकीच्या शब्दामुळे घाबरलेल्या माणसाला हसणारे मला भेटले आहेत. ते मला पटत नाही. शब्द चुकला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

'परिसंस्था', म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांचं एकत्र जाळं, ही कल्पना १९३५ ची. ती कशी चालते, म्हणजे ऊर्जा कुठून कुठे जाते, पाचोळा किती दिवसांत कुजतो, परागीभवन कोण करतं, हे मोठ्या प्रमाणावर मोजलं गेलं १९६४ ते १९७४ या दशकात. विद्युतचुंबकीय क्षेत्राची त्याला जोड मिळाली ती अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगनच्या जंगलांत. पाणबुड्यांशी संपर्कासाठी तिथे ७६ हर्ट्झची लांबलचक अँटेना उभारली गेली, आणि १९८० च्या दशकापासून बरीच वर्षं आसपासची झाडं, गांडुळं, मातीतले कीटक, परागीभवन करणाऱ्या रानमाश्या, पक्षी, ओढ्यातलं शेवाळ यांची नोंद ठेवली गेली. ठळक हानी दिसली नाही. पाहणीच्या आराखड्यावर पुढे टीकाही झाली. पण पद्धत तीच योग्य होती : जागेवर, वर्षानुवर्षं, पूर्ण साखळी धरून.

आपल्याकडे हा विषय आला तो घाईत. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. २००६-०७ मध्ये अमेरिकेत मधमाश्यांच्या वसाहती ओस पडू लागल्या, आणि जर्मनीतल्या कॉर्डलेस फोनवरच्या एका छोट्या प्रयोगाचा वृत्तपत्रांनी मोबाइलशी संबंध जोडला. २०१० मध्ये चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातला प्रयोग प्रसिद्ध झाला : पेट्यांत चालू फोन ठेवले, माश्यांचं काम मंदावलं, राणीची अंडी घटली. फोन लावलेल्या वसाहती होत्या फक्त दोन.

त्याच वर्षी केंद्राने वन्यजीवांवरच्या परिणामांसाठी तज्ज्ञ समिती नेमली. तिने ९१९ अभ्यास गोळा केले. ५९३ मध्ये परिणाम आढळल्याचं म्हटलं होतं. हा आकडा आजही फिरतो. पण ते बहुतांश माणसांवरचे अभ्यास होते. पक्षी आणि मधमाश्यांवरचे थोडे, भारतातले तर अगदी मोजके. कागद मोजून परिसंस्था कळत नाही.

१ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींच्या तीव्रतेची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश झाली : ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॅटऐवजी ०.४५ वॅट. कंपन्यांना हे अति वाटलं, विरोधकांना अपुरं. माझ्या मते दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट सुटली. मूळ मर्यादा माणसाचं शरीर किती तापतं यावरून काढलेली आहे. तिला दहाने भागलं तरी ती माणसाचीच राहते. टॉवरवरच घरटं बांधणाऱ्या पक्ष्याला ती लागू होत नाही. ऑगस्ट २०१२ च्या एका सूचनापत्रात जुन्या टॉवरपासून किलोमीटरभरात नवा नको, असं म्हटलं होतं; ती सूचना होती, कायदा नव्हे.

चिमणीचा पुरावा मात्र डळमळीत निघाला. ब्रिटनच्या शेतशिवारात तिची घट १९७० च्या दशकाअखेरीस, मोबाइलच्या आधीच सुरू झाली होती. २०२० च्या देशव्यापी पक्षी-अहवालात ती मोठ्या महानगरांत कमी, पण देशभरात साधारण स्थिर दिसली. उलट २०१४ मध्ये जर्मनीत पक्कं काही हाती लागलं. शहरी विद्युत गोंगाटात रॉबिन पक्ष्यांचा चुंबकीय होकायंत्रासारखा दिशाबोध बिघडत होता, आणि जमिनीला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या आवरणात तो परत येत होता. त्रास देणारी वारंवारता होती ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ. म्हणजे मोबाइलची नव्हे. मध्यम लहरींच्या रेडिओची आणि विजेच्या उपकरणांची.

म्हणून नांदूर मध्यमेश्वरकडे मला वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य २०२० मध्ये राज्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं. थंडीत इथे दूरवरून बदकं येतात. भोवती निफाडची द्राक्षं, आणि कांद्याचं बी धरायचं तर गोंड्यांवर माशी बसावीच लागते. चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी मोजले जातात. त्याच काठावर, त्याच दिवशी, ५० हर्ट्झपासून मेगाहर्ट्झपर्यंतचं क्षेत्रही मोजावं, आणि बियाण्याच्या शेतातल्या मधपेट्या टॉवरपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून फवारणीची नोंद सोबत लिहावी. सलग काही हंगाम.