शिकागो स्टॉक एक्स्चेंज इमारत

अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘लूप’ या मध्यवर्ती भागात, लसाल व वॉशिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एकेकाळी उभी असलेली तेरा मजली व्यापारी इमारत. डँकमार ॲडलर व लुई सलिव्हन या वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला. १८९४ मध्ये ती पूर्ण झाली आणि १९७२ मध्ये जमीनदोस्त झाली.

ज्या शेअर बाजाराचे नाव इमारतीला मिळाले तो खरे तर तिचा एक भाडेकरू. बाकीच्या मजल्यांवर भाड्याने दिलेली कार्यालये होती. बाजाराचे दोन मजले उंचीचे सौद्यांचे दालन हा इमारतीतील सर्वांत देखणा भाग. भिंतींवर अनेक रंगांची स्टेन्सिलची नक्षी, वर रंगीत काचांची छतखिडकी. एरवी आरडाओरड्यातच दिवस काढणाऱ्या दलालांसाठी ही श्रीमंती जरा जास्तच म्हणावी लागेल. १९०८ मध्ये बाजाराने जागा सोडली. पुढे त्या दालनात बँक आली, छताखाली छत आले, नक्षी झाकली गेली. नाव मात्र शेवटपर्यंत टिकले.

पायाची हकिकत शेजारच्या इमारतीशी निगडित आहे. पश्चिमेला लागूनच ‘हेरल्ड’ वृत्तपत्राची इमारत होती. तिथली छपाईयंत्रे हादरू नयेत म्हणून त्या बाजूला खांब ठोकण्याऐवजी विहिरीसारखे खोल खड्डे खणून ते काँक्रीटने भरण्यात आले. शिकागोतील इमारतींसाठी ही पद्धत तेव्हा नवी होती. पुढे तेथील उंच इमारतींसाठी ती नेहमीची झाली.

वारसावास्तूचा दर्जा द्यावा ही मागणी नगर परिषदेने मानली नाही. जागेची किंमत इमारतीपेक्षा जास्त ठरली आणि १९७१ मध्ये पाडकाम सुरू झाले. सलिव्हनच्या वास्तूंची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेणारे रिचर्ड निकेल आतले नक्षीकाम वाचवण्यासाठी तिथे जात असत. एप्रिल १९७२ मध्ये ढासळलेल्या भागाखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. मृतदेह हाती लागायला सुमारे चार आठवडे गेले. इमारत वाचवण्याच्या या लढ्यातूनच १९७१ मध्ये इलिनॉयमध्ये वारसा जतनासाठी झटणारी राज्यव्यापी संस्था उभी राहिली.

वाचलेल्या तुकड्यांतून वास्तुविशारद जॉन विन्सी यांनी सौद्यांचे दालन आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये पुन्हा उभारले. ते १९७७ मध्ये खुले झाले. प्रवेशाची कमान त्याच संग्रहालयाच्या आवारात आहे, तर जिन्याचे काही भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. मूळ जागेवर आता चाळीसहून अधिक मजल्यांची इमारत आहे.