टेबल-संगणकावर हाताच्या खुणा ठरवायच्या कोणी?

माउस-कीबोर्ड बाजूला सारून थेट टेबलावरच हातांनी काम करायची कल्पना आयफोनच्या बरीच आधीची. १९९१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजला, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, पिअर वेल्नर यांनी ‘डिजिटलडेस्क’ उभारलं. साधं टेबल, डोक्यावर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. कागदावर छापलेल्या आकड्याकडे बोट दाखवलं की तो टेबलावर उमटलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये जाऊन बसायचा. बोट टेकलंय की नुसतं वर धरलंय, हे वरच्या कॅमेऱ्याला नीट कळत नसे. म्हणून टेबलाला खालून मायक्रोफोन लावून बोटाची टकटक ऐकली जाई.

२००१ मध्ये मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून ‘डायमंडटच’ हे स्पर्श ओळखणारं टेबल आलं. त्यात बारीकसा विद्युत संकेत माणसाच्या शरीरातून खुर्चीपर्यंत पोहोचे, त्यामुळे स्पर्श कोणाचा हेही यंत्राला समजे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ‘सरफेस’ टेबल जाहीर केलं.

यंत्रं सुधारत गेली, पण कोणत्या कामाला कोणती खूण हे बहुतेकदा तज्ज्ञच ठरवत, आणि तेही यंत्राला काय सहज ओळखता येईल ते पाहून. माझ्या मते खरं वळण आलं ते २००९ मध्ये. जेकब वॉब्रॉक, मेरेडिथ मॉरिस आणि अँड्र्यू विल्सन या संशोधकांनी क्रमच उलटा केला. या क्षेत्राशी संबंध नसलेल्या २० जणांना आधी परिणाम दाखवायचा, वस्तू सरकली, मोठी झाली, पुसली गेली. मग विचारायचं, हे घडवायला तुम्ही हाताने काय कराल? २७ कामं, प्रत्येक एकदा एका हाताने, एकदा दोन्ही हातांनी. एकूण १०८० खुणा जमल्या.

लोकांना किती बोटं टेकवली याचं फारसं काही नव्हतं. एक की तीन, हा भेद तज्ज्ञांच्याच डोक्यात होता. बहुतेकांची पसंती एका हाताला. पडद्यावरची खिडकी बंद करायला काहींनी तर समोर नसलेल्या फुलीच्या जागी बोट टेकवलं! डेस्कटॉपची सवय हातात इतकी मुरली होती. ‘नैसर्गिक’ म्हणून जे समोर येतं, त्यात सवयीचा वाटा केवढा असतो, हे त्यातून दिसलं.

या तिन्ही तज्ज्ञांनी स्वतःही खुणा सुचवल्या होत्या. लोकांनी शोधलेल्या खुणांपैकी जेमतेम ६० टक्केच त्यांना सुचल्या.