अपशब्द-गाळणी (समाजमाध्यमांवरील स्वयंचलित जाहिरात)

समाजमाध्यमांवर आपोआप प्रसिद्ध होणाऱ्या जाहिराती, उत्तरे किंवा ग्राहकाचे नाव छापलेली चित्रे यांत शिवीगाळ शिरू नये म्हणून मजकूर आधी तपासण्याची पद्धत.

तिचा उगम सामान्यतः १९९०च्या दशकातील वर्ज्य शब्दांच्या याद्यांत मानता येतो. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट-सेवा कंपनीच्या गाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्पच्या रहिवाशांची नोंदणी अडवली, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी येते. अशा चुकीला 'स्कन्थॉर्प समस्या' हे नाव त्यावरून पडले. जाहिरातींपुरता आरंभ मात्र २०१४च्या सुमारास धरणे अधिक सयुक्तिक दिसते : त्या नोव्हेंबरात न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ट्विटर खात्याने एका वापरकर्त्याचे वर्णद्वेषी नाव जर्सीच्या चित्रावर आपोआप उमटवले.

इंदुरात ही समस्या वेगळे रूप घेते. होळकरांच्या या शहरात मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदतात, पण गाळणीची यादी केवळ हिंदीची असू शकते. तिच्यात 'साला' असला की जीरावन मसाल्याच्या जाहिरातीतला 'मसाला' अडतो, आणि गणेशोत्सवाच्या निमंत्रणातले 'सालाबादप्रमाणे'ही. शिवी नसलेला मजकूर अडणे हे शिवी सुटण्याइतकेच गंभीर मानले पाहिजे.

दोष केवळ यादीचा नाही. पूर्ण शब्दच जुळावा यासाठी शोधसूत्रात शब्दसीमेची, म्हणजे शब्द कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे ओळखणारी, खूण वापरतात. परंतु पायथॉन या संगणकभाषेच्या मूळ शोधसंचात काना-मात्रा शब्दाचा भाग मानल्या जात नाहीत आणि जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेत देवनागरी अक्षरेही मानली जात नाहीत. परिणामी कान्यावर संपणारा 'साला' सुटा आला तरी सापडत नाही. म्हणून सीमेची अट काढून टाकतात, आणि मग 'मसाला' सापडतो. सीमा जागा आणि विरामचिन्हे पाहून ठरवणे हा खात्रीचा उपाय होय. तरीही सामान्यरूपाची अडचण उरते : 'मूर्ख' नोंदवून 'मूर्खांनो' पकडला जात नाही. 'ड़'सारखी अक्षरे युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात दोन प्रकारे लिहिता येतात. अक्षरांमध्ये न दिसणारे जोडचिन्हही घालता येते. त्यामुळे तुलनेपूर्वी मजकूर एकसारखा करून घ्यावा लागतो.

रोमन लिपीत ल-ळ भेद पुसला जातो. फुलवाल्याची 'मोगऱ्याची माळ' तिथे 'माल' वाचली जाते, आणि तो शब्द स्त्रियांविषयीचा अपशब्द म्हणून यादीत असू शकतो.