गावाची शीव आणि पाण्याचा उतार

"लेव्हल मिळत नाही." ड्रेनेजच्या कामावर दिवसभर उभं राहिलं तर हे शब्द पाच-सहा वेळा तरी कानावर येतात. गेल्या उन्हाळ्यात, महापालिकेत नुकत्याच आलेल्या जवळच्या एका गावात मी ते ऐकले. गल्लीच्या तोंडाशी तिपाईवर लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, लावली होती. आत पन्नास पावलांवर एक पोरगा लांबलचक स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली पट्टी, उभी धरून होता. इंजिनिअर दुर्बिणीतून आकडा वाचायचे, वहीत लिहायचे आणि पुन्हा मान हलवायचे. गल्लीतल्या शेवटच्या घराचा चेंबर मुख्य रस्त्यावरच्या चेंबरच्या तळापेक्षा चाळीस सेंटिमीटर खाली निघाला होता. मैलापाणी चढावर जाणार कसं?

कट्ट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, आमचं पाणी तिकडं कधी गेलंच न्हाई. ते मागच्या वढ्याला जातं. पावसाळ्यात येऊन बघा."

आजोबांचं बरोबर होतं. पण मागचा ओढा शेजारच्या गावाच्या शिवेत, आणि ते गाव अजून ग्रामपंचायतीत. आराखड्यातली निळी रेघ शिवेपाशी येऊन थांबली होती.

नळाचं पाणी दाबाने येतं. टाकी उंचावर असली की ते टेकाड चढून, चार वळणं घेऊन घरात पोचतं. मैलापाण्याच्या नळीत दाब नसतो. ती बरीचशी रिकामीच वाहते आणि तिला ओढून नेणारं बळ एकच, गुरुत्वाकर्षण. शिवाय तिच्यात नुसतं पाणी नसतं. रेती असते, खरकटं असतं, तेलाचा ओशटपणा असतो. वेग कमी पडला की हे सगळं तळाशी बसतं आणि चेंबर तुंबतो. म्हणून इंजिनिअर किमान वेग धरतात सेकंदाला ०.६ मीटर. एवढ्या वेगात पाणी आपला गाळ आपणच पुढे ढकलत नेतं.

हा वेग कुठून मिळवायचा? उतारातून. गल्लीत घालतात ती १५० मिलिमीटर व्यासाची नळी भरून वाहत असेल, तर तिला दर २०० मीटरला साधारण १ मीटर उतार लागतो. जमीन सपाट असली तर किलोमीटरभर गेल्यावर नळी पाच मीटर खोल गेलेली असते. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढा तो चर. आपल्याकडे तर मीटर-दोन मीटरवर काळा कातळ लागतो आणि ब्रेकरशिवाय पुढे सरकता येत नाही. उलट, १ मीटर व्यासाच्या नळीला तोच वेग गाठायला अडीच किलोमीटरला १ मीटर उतार पुरतो. मोठ्या नळीत पाणी पुष्कळ आणि भिंतीला घासणारा भाग त्या मानाने थोडा, म्हणून घर्षण कमी पडतं. त्यामुळे लहान प्रवाह लवकरात लवकर एकत्र आणायचे आणि मोठ्या नळीतून मंद उताराने पुढे न्यायचे, हीच शहाणपणाची रीत. ओढे नदीला मिळतात तो आकार आणि चांगल्या मलनिस्सारण योजनेचा नकाशा म्हणूनच एकमेकांसारखे दिसतात.

मग अशा योजनेची हद्द कुठे पडते? कौलारू घराचा आढा आठवा. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात येतो, पलीकडचा परसात. जमिनीलाही असेच आढे असतात. टेकडीची धार, माळाचा उंचवटा, कधी तर डोळ्याला जाणवतही नाही असा दोन मीटरचा उठाव. मैलापाण्याची खरी हद्द या आढ्यांवरून जाते. वॉर्डाची हद्द मात्र रस्त्यावरून, रेल्वेमार्गावरून, पुष्कळदा ओढ्याच्या मधोमध आखलेली असते. ओढ्याला हद्द मानणं महसुली नोंदीला सोयीचं, पण मलनिस्सारणाला त्याहून गैरसोयीचं काही नाही. एकाच पाणलोटाचे दोन काठ दोन कचेऱ्यांत वाटले जातात आणि ओढ्याकाठची मुख्य लाइन कुणी घालायची हेच ठरत नाही.

पाण्याला आढा ओलांडायला लावता येतं, पंप बसवून. पण पंप आला की वीज आली, जोडीचा दुसरा पंप आला, रात्रपाळीचा माणूस आला. पंपापासून पुढे दाबाने जाणारी नळी पूर्ण भरलेली असते, तिच्यात हवा नसते. पाणी तासन्‌तास तसंच पडून राहिलं तर प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू पुढच्या चेंबरमध्ये बाहेर पडतो, नळीच्या ओलसर छताला चिकटतो आणि तिथले दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. काँक्रीटची नळी वरून, आतल्या बाजूने खंगत जाते आणि एके दिवशी रस्ता खचतो. चेंबरमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांचा जीव घेणाऱ्या वायूंत हाच प्रमुख. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं मरतातच. नकाशावरच्या चुकीच्या रेघेची ही किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

मुंबईने आपली विभागणी वॉर्डांच्या इंग्रजी अक्षरांवर केली नाही, हे तिथल्या इंजिनिअरांचं मोठं काम. मलनिस्सारणासाठी शहराचे सात विभाग पाडले गेले : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. प्रत्येक विभागाचा उतार आणि शेवट वेगळा, समुद्र किंवा खाडी. वरळी आणि वांद्र्याचं पाणी तर समुद्राच्या तळाखालून ३ किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडलं जातं. बराचसा भाग भराव घालून मिळवलेला आणि सपाट, त्यामुळे पंपांची साखळी टाळता आली नाही. जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता आहे दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर.

पण हद्द आणि विज्ञान यांची गाठ कशी पडते हे पाहायचं तर मला अमेरिकेतलं सिॲटल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शहराच्या पूर्वेला वॉशिंग्टन सरोवर आहे, सुमारे ३५ किलोमीटर लांब. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठाने उपनगरं वाढली. प्रत्येकाचा आपला सीवर डिस्ट्रिक्ट, म्हणजे मलनिस्सारणापुरती वेगळी स्थानिक संस्था, आणि प्रत्येकाचं आपलं छोटं शुद्धीकरण केंद्र. अशी दहा केंद्रं सरोवरात पाणी सोडत होती. ते पाणी कच्चं नव्हतं, शुद्ध केलेलं होतं. कागदावर पाहिलं तर कुणाचीच चूक नव्हती.

१९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले सरोवरशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्याच्या नमुन्यात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे शेवाळासारखे वाढणारे नील-हरित सूक्ष्मजीव सापडले. झुरिचचं सरोवर बिघडताना तिथेही हेच आधी दिसले होते, त्यामुळे एडमंडसन यांना पुढचं चित्र कळलं. साध्या शुद्धीकरणात सेंद्रिय घाण जाते, पण फॉस्फरस बराचसा पाण्यातच राहतो. तो मैल्यातून येतो, साबण-डिटर्जंटमधून येतो आणि शेवाळासाठी खतासारखा असतो. दहा केंद्रं मिळून सरोवराला रोज खत घालत होती.

सरोवर किती बिघडलं हे मोजायची पद्धत इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलांनाही जमेल. वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. १९६४ मध्ये ही खोली ७६ सेंटिमीटरवर आली होती. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर आपलीच पावलं दिसू नयेत.

उपाय ठाऊक होता. सगळ्या गावांचं पाणी काठाकाठाने एका मोठ्या वाहिनीत गोळा करायचं, सरोवराबाहेर न्यायचं, शुद्ध करायचं आणि प्युजेट साउंड या समुद्राच्या खोल, भरती-ओहोटीच्या पाण्यात सोडायचं. अडलं होतं हद्दीपाशी. एकेका डिस्ट्रिक्टला हे झेपणारं नव्हतं आणि सगळ्यांच्या वरची संस्था अस्तित्वात नव्हती. जेम्स एलिस या वकिलाने ती उभी करण्याचा ध्यास घेतला. कायदा झाला, पण अट अशी की सिॲटल शहरात वेगळं बहुमत हवं आणि उपनगरांत वेगळं. मार्च १९५८ मध्ये मतदान झालं आणि उपनगरांनी प्रस्ताव पाडला. त्या प्रस्तावात वाहतूक आणि नगररचनाही होती. आपल्या गावाचा कारभार सिॲटलच्या हाती जाईल, ही भीती लोकांना वाटली.

सहाच महिन्यांत प्रस्ताव पुन्हा आला, आटोपशीर होऊन. वाहतूक काढली, नगररचना काढली, हद्दही आखडती घेतली. उरलं फक्त मैलापाणी. सप्टेंबर १९५८ मध्ये दोन्हीकडे बहुमत मिळालं. ही माघार मला फार शहाणपणाची वाटते. लोकांनी आपली गावं, आपले कर, आपली नगर मंडळं आपल्याकडे ठेवली. सरोवराला लागतं तेवढंच एकत्र केलं.

१९६३ पासून एकेक केंद्र सरोवरापासून तोडत १९६८ पर्यंत सगळं पाणी वळवून झालं. त्याच वर्षी तबकडी ३ मीटरपर्यंत दिसू लागली. एडमंडसन दर वर्षी मोजत राहिले आणि त्या आकड्यांनी एक मोठा वाद मिटवला. शेवाळ नेमकं कशावर वाढतं यावर तेव्हा शास्त्रज्ञांत आणि डिटर्जंट कंपन्यांत रण पेटलं होतं. वॉशिंग्टन सरोवरात नायट्रोजन फारसा कमी झाला नाही, फॉस्फरस झपाट्याने उतरला आणि शेवाळ फॉस्फरसच्या मागोमाग उतरलं. एवढा मोठा प्रयोग प्रयोगशाळेत करता आला नसता. हद्द बदलली म्हणून तो घडला.

आता पुण्याकडे येतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. मुळा-मुठा नदीसुधारासाठी जपानच्या मदतीने ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं आणि ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना ठरली, तिचा करार जानेवारी २०१६ चा. म्हणजे योजना जुन्या हद्दीची आणि पाणी नव्या गावांचंही. समाविष्ट गावांसाठी नंतर वेगळे आराखडे करावे लागले.

एका गावाचा हिशोब मांडून पाहू. लोकसंख्या २०,०००. ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के मैलापाणी होतं. दिवसाला झाले २१ लाख ६० हजार लिटर, सेकंदाला २५. पण सगळं गाव एकाच वेळी आंघोळ करतं, धुणं-भांडी करतं. म्हणून एवढ्या वस्तीला तिप्पट धरतात, सेकंदाला ७५ लिटर. आणि लाइन आजच्या वस्तीसाठी नाही, तीस वर्षांनंतरच्या वस्तीसाठी घालायची असते. समजा, हद्द आखताना वरच्या अंगाचं हे गाव वगळलं आणि त्याला सोडून खालच्या शहराची नळी बेतली. पाच वर्षांनी गाव आत आलं, बाराव्या मजल्यापर्यंत इमारती चढल्या, तर त्यांचं पाणी त्या नळीत मावत नाही. रस्ता पुन्हा फोडावा लागतो, किंवा पाणी रात्री गुपचूप ओढ्यात जातं. बहुतेक ठिकाणी दुसरंच घडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गाव महापालिकेत आज घ्या, उद्या घ्या किंवा घेऊच नका, पण मलनिस्सारणाचा आराखडा पाणलोट धरून करा आणि आढ्यापर्यंतची सगळी वस्ती त्यात मोजा. ग्रामपंचायतीचं पाणी महापालिकेच्या नळीत घ्यायला पैशांचा करार करावा लागेल, तो करा. सिॲटलच्या उपनगरांनी तेच केलं. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात तेव्हा आपण रस्त्याची रुंदी आणि आपल्या जमिनीवर पडलेलं आरक्षण बघतो. ओढ्याच्या दोन्ही काठांचं पाणी कुठे जाणार, हे त्याच वेळी विचारायचं असतं.

सिॲटलला समुद्र शेजारी होता, पाणी वळवून भागलं. पुण्याला तशी वाट नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. शुद्ध होऊन आलेल्या पाण्यातही फॉस्फरस शिल्लक असेल, तर तो उजनीत साचतो. तिथलं हिरवं पाणी आणि जलपर्णी पाहिलेल्यांना वॉशिंग्टन सरोवराची गोष्ट परकी वाटणार नाही. फॉस्फरस काढायची सोय केंद्रातच करावी लागते, आणि ज्या गल्लीतलं पाणी केंद्रापर्यंत पोचतच नाही तिथे केंद्र कितीही चांगलं असून उपयोग नाही.

त्या दिवशी ज्या गल्लीत लेव्हल मिळत नव्हती, तिथे शेवटी एक खोल विहीर बांधून दोन पंप बसवले. वीज असली की मैलापाणी मुख्य रस्त्यावरच्या चेंबरमध्ये चढतं. वीज गेली की विहीर भरते आणि मागच्या बाजूला ठेवलेल्या नळीतून ते आजोबांच्या ओढ्याला जातं.